पहिला श्वास शून्याचा

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं मला बघून खूप हसलात. मी जेवणाच्या टेबलाशी ताठ बसून, गाल फुगवून, प्लास्टिकच्या नळीत फुंकत होते. धाकटीने विचारलं, "आजी, तू फुगा फुगवतेस का?" मी हातानेच थांब म्हटलं, कारण फुंकताना मध्ये बोललं की सगळं वाया जातं आणि डबी परत तापवावी लागते. तेव्हा राहिलेलं उत्तर आता लिहिते. तुमच्या आईला यातलं थोडं माहीत आहे. फोनवर सांगताना मी बरंच गाळलं होतं. इतक्या लांब बसून तिने काळजी करण्यापलीकडे काय केलं असतं?

ती नळी तुमच्या ताईच्या डबीची. ताई, म्हणजे तुमच्या मामाची मुलगी, शिरूरच्या कॉलेजात पीएचडी करते. तिचा विषय मला कळला तो मागच्या पडवीत, गूळ किसताना. मी किसत होते आणि ती किसलेला खात होती.

"आजी, गुळाचा खडा पाण्यात टाकला तर विरघळायला किती वेळ लागेल?"

"बराच."

"आणि हा कीस?"

"लगेच. त्याला सगळीकडून पाणी लागतं."

"झालं! आमचं सगळं काम एवढंच आहे," ती म्हणाली. तिच्याकडे टंगस्टनचं ऑक्साइड असतं. टंगस्टन म्हणजे जुन्या बल्बमधल्या तारेचा धातू. त्याचं ऑक्साइड इतकं बारीक करायचं, की प्रत्येक कणाला बाहेरची बाजू भरपूर आणि आतला गाभा जवळजवळ नाहीच. मग त्याचा एक पातळ थर काचपट्टीवर बसवायचा. त्याला ती फिल्म म्हणते. हवेतला एखादा वायू त्या फिल्मला नुसता शिवला, तरी तिच्यातून जाणारी वीज कमीजास्त होते.

"तांब्यातून वीज सरळ जाते, चिनीमातीतून जातच नाही," ती म्हणाली. "हा मधला. अर्धवाहक. वारा बदलला की याचं मन बदलतं."

"म्हणजे तुझे आबा," मी म्हटलं.

आबांचं नाव निघालं आणि तिने हात झटकले. खरं तर हे सगळं तुमच्या आजोबांमुळेच सुरू झालं होतं. त्यांना साखरेचा आजार होता आणि बोट टोचून घेण्याचा मोठा कंटाळा. शाळकरी वयात ही त्यांचं बोट धरून बसायची आणि ते लहान मुलासारखं तोंड वळवायचे. आपल्या श्वासात ॲसिटोन नावाचा वायू अगदी किंचित असतो आणि साखर हाताबाहेर गेली की तो वाढतो, हे कॉलेजात गेल्यावर तिला कळलं. बोट टोचायचंच नाही, नळीत फुंकायचं, असं यंत्र करायचं तिने तेव्हाच ठरवलं. तेच यंत्र म्हणजे ही डबी, आत ती फिल्म बसवलेली.

"ॲसिटोन म्हणजे नेलपॉलिश काढायचं ते?" मी विचारलं.

"तेच. म्हणून तू नेलपॉलिश लावून माझ्या डबीजवळ यायचं नाहीस."

या वयात मी कशाला लावतेय! पण तिच्या लॅबची हीच अडचण होती. तिथे काचपट्ट्या धुवायला ॲसिटोनच वापरतात. त्याच खोलीत कोणी त्याच भुकटीपासून सौर घट करतं, कोणी बॅटरीचं काही करतं, सगळ्यांच्या बाटल्या उघड्या. तिच्या डबीला श्वासातलं कुठलं आणि बाटलीतलं कुठलं हे कळेना. मामाच्या रांजणगावच्या खोलीवरही कारखान्यांची हवा. म्हणून यंदा लेंट सुरू झाला तेव्हा, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत, ती डबी आणि लॅपटॉप स्कूटरला बांधून न्हावऱ्यावरून केडगावला माझ्याकडे आली. प्रबंध द्यायची वेळ जवळ आली होती.

मला आनंद झाला. पण ती दारात हेल्मेट काढून उभी राहिली तेव्हा वाटलं, हिची हनुवटी इतकी टोकदार कधी झाली?

"लेंट, आजी. दुपारचं जेवण सोडलंय, मटणही."

"दुपारचं सोडायला तुला कोणी सांगितलं?"

"तूच. लहानपणापासून."

 मीही उपास करते, पण तिच्या वयात माझे गाल बसत नव्हते. त्या रविवारी चर्चबाहेर बायका तिच्याभोवती जमल्या. "किती छान बारीक झालीस गं! आम्हाला पण सांग ना काय करतेस." ती हसली. मला मात्र तिच्या ब्लाउजच्या बाहीत दोन बोटं जातील एवढी जागा दिसत होती.

घरात तिचे नियम सुरू झाले. डबी टेबलावर तापत असताना फोडणी बंद. फिनेल, अगरबत्ती, माझं कोलोन बंद. खिडकी अमुक इतकीच उघडी. तुम्हाला माहीत आहे, मला शिस्त आवडते, पण माझी स्वतःची. तरी मी मुकाट्याने वरण-भात शिजवून ठेवायची आणि फोडणी नंतर द्यायची.

आता शून्याची गोष्ट. नीट वाचा, पुढचं सगळं त्यावर आहे. दुकानदार वजन करण्याआधी तराजूची रिकामी पारडी बघतो ना, तसं डबीलाही रोज सकाळी आधी शून्य दाखवावं लागतं. कोरड्या हवेचं शून्य चालत नाही, कारण श्वासात वाफ असते आणि वाफेनेही फिल्मचं मन बदलतं. म्हणून एका निरोगी माणसाच्या श्वासालाच शून्य धरायचं आणि बाकीच्यांचे श्वास त्याच्याशी ताडून बघायचे. आता रोज सकाळी हाताशी असलेला निरोगी माणूस कोण? ताई स्वतः. ती तरुण, काटक, कधी साधी सर्दी नाही. लॅबमध्ये पहिल्या वर्षापासून हीच पद्धत होती. पहिला श्वास तिचा, तो शून्याचा.

आणि तेच शून्य हलत होतं. लॅपटॉपवर तिच्या श्वासाची रेघ रोज आदल्या दिवसापेक्षा थोडी वर उमटायची. ती त्याला ड्रिफ्ट म्हणायची. फिल्म बिघडत चालली की असं होतं. तिने ती फिल्म काढली, नवी बसवली. नवीही तशीच. मग तिने ठरवलं, भुकटीच खराब. शिरूरला जाऊन नवी भुकटी केली, भट्टीत भाजली, नव्या काचपट्ट्या घेऊन आली. तरी रेघ वरच.

काढलेल्या काचपट्ट्या ती केराच्या टोपलीत टाकायची. मी त्या उचलून टिश्यूत गुंडाळून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. कचरा न्यायला येणारी बाई हाताने कचरा निवडते, काच लागली तर?

"आजी, त्या मेलेल्या आहेत. पुरून टाक त्यांना."

"वेगळ्या देईन, लेबल लावून."

मॅडमचा, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांचा, फोन आला की ती पडवीत जाऊन बोलायची. परत आली की माठातून तांब्याभर पाणी प्यायची. मग आणखी तांब्याभर. माठ मी सकाळी भरायची आणि दुपारी तळ दिसायचा. ऊन वाढलं होतं, स्कूटरवरची धूळ, उसाच्या ट्रॉल्या. तहान लागणारच, असं मी मला समजावत होते. संध्याकाळी प्रार्थनेला आम्ही शेजारी शेजारी गुडघे टेकायचो. एकदा ती 'आमेन' म्हणाली आणि मला जास्त पिकलेल्या पेरूचा वास आला. मी उठून फळांची टोपली बघितली. टोपलीत लिंबं होती.

तेव्हापासून मी तिला बरं आहे ना, असं रोज विचारायला लागले. विचारलं तर ती म्हणायची, "मला काही झालेलं नाही, फिल्मला झालंय." फिल्मबद्दल बोलताना तिचे डोळे भरायचे. स्वतःबद्दल बोलायला तिला वेळच नव्हता.

मग शेजारची काकू आली. तुम्ही तिला ओळखता, झेंडूच्या मळ्यातली, मागच्या सुट्टीत तुम्हाला बैलगाडीत बसवणारी. ती दूध घेऊन आली आणि ताईने तिला पकडलं. वेगवेगळ्या माणसांचे श्वास हवेच होते.

"काकू, यात फुंका ना."

"आन् त्यानं काय हुईल?"

"काही नाही. तुमच्या श्वासात काय आहे ते कळेल."

काकूने पदर तोंडाला लावला. "मी मिश्री लावलीया सकाळी. ती बी कळंल व्हय?"

"चूळ भरून या."

"आगं, घरात नवऱ्याला कवा कळली न्हाई, आन् तुज्या डबीला कळायची!" पण ती नळावर जाऊन चांगली खळखळून चूळ भरून आली, खुर्चीवर न बसता उभ्यानेच नळी धरली आणि चूल फुंकावी तशी फुंकली.

ताईने लॅपटॉपकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"काय झालं गं? काय वंगाळ हाय का?" काकू घाबरली.

"तुमचं उत्तर शून्याच्या खाली आलंय."

"म्हंजी?"

"म्हणजे काकू, या डबीच्या मते तुमच्या श्वासात निरोगी माणसापेक्षाही कमी आहे. असं होत नाही. डबी वेडी झालीय."

"मंग मी लई निरोगी हाय, असं लिही की," असं म्हणून काकू हसत गेली.

ताईने मलाही फुंकायला लावलं. माझंही शून्याच्या खाली. ती म्हणाली, "तुझ्या फुंकण्यात दम नाही." मी परत फुंकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकेपर्यंत. परत खालीच.

ती टेबलावर डोकं टेकून बसली आणि मी तिच्या समोर.  मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, पेपर तपासले. एका प्रश्नाला सगळ्या वर्गाचं उत्तर एकसारखं आणि माझ्या उत्तरसूचीपेक्षा वेगळं आलं, की मी वर्गाला नापास करत नसे. आधी उत्तरसूची परत वाचत असे. काकू खाली, मी खाली. आम्ही दोघी वेगळ्या वयाच्या, वेगळ्या घरच्या, एकीने मिश्री लावलेली, एकीने उपास केलेला. आम्ही दोघी चूक असण्यापेक्षा ज्याच्याशी आम्हाला ताडलं तेच वर गेलेलं असणं सोपं होतं.

हे तिला कसं सांगायचं?

मी म्हटलं, "उद्या सकाळी पहिला श्वास माझा घे."

"तू शून्य? ज्येष्ठ नागरिक शून्य चालत नाही."

"एकदा बघ. चुकलं तर तुझ्या फिल्मचंच चुकेल, ती तशीही मेलेली आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाच्या आधी फुंकलं. काकूला मुद्दाम बोलावून घेतलं. तिची रेघ माझ्या रेघेवर जवळजवळ बसली. मग ताईने फुंकलं. रेघ वर गेली, आणखी वर गेली, आणि आखलेल्या चौकटीच्या बाहेर निघाली.

ताईने पडद्यावरच्या रेघेवर बोट ठेवलं आणि आम्हा दोघींकडे बघितलं. 

मग ताई म्हणाली, "उपास." आणि एकदम हसली. "आजी, उपासाने ॲसिटोन वाढतं! शरीर चरबी जाळायला लागतं ना. मी इतके दिवस दुपारचं जेवत नाहीये. मूर्ख आहे मी! फिल्म बरोबर आहे!"

उपास तर माझाही चालू होता, पण तिच्या चेहऱ्यावर इतकी सुटका होती की मला ती खरी मानावीशी वाटली. शास्त्रही तेच सांगत होतं. तिने त्याच क्षणी उपास सोडला. मी काय केलं असेन? भरपूर तूप घालून शिरा केला. तिने दोन वाट्या खाल्ला, वर दूध. मी समोर बसून बघत होते आणि मनात म्हणत होते, उद्या रेघ खाली येऊ दे.

दुसऱ्या दिवशी तिच्याने फुंकवेचना. उठल्यापासून पोट दुखत होतं, उलटी झाली होती. ती टेबलाशी बसली होती आणि बसल्या बसल्या धापा टाकत होती, जिना चढून आल्यासारख्या खोल. तरी नळी तोंडाला लावलीच. रेघ कालच्याही वर गेली. खोलीभर तो पेरूचा वास होता.

"शिरा पचला नाही," ती म्हणाली.

मी उठले आणि आबांचं साखर तपासायचं यंत्र कपाटातून काढलं.

"आजी, नको. साखर जाड माणसांना होते. माझ्याकडे बघ."

"बघतेच आहे."

"मी बोट टोचायचं यंत्र बंद करायला निघालेय आणि तू—"

"हात पुढे कर."

यंत्र चालू होतं पण पट्ट्यांची मुदत कधीच संपली होती. ती तेवढ्यातही म्हणाली, "एक्स्पायर्ड पट्टीचं रीडिंग मी मान्य करणार नाही." बरोबरच होतं तिचं. काकूचा मुलगा मोटारसायकलवर स्टेशनजवळच्या मेडिकलमधून नव्या पट्ट्या घेऊन आला. तो येईपर्यंत मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि तिचे मणके एकेक हाताला लागत होते. नव्या पट्टीवर रक्ताचा थेंब टेकवला. यंत्राने आकडा दाखवलाच नाही. त्याच्या मोजण्यापलीकडे साखर गेली की ते आकड्याऐवजी 'HI' अशी दोन अक्षरं दाखवतं, ती दाखवली. आबांच्या शेवटच्या आजारातही मी ती कधी पाहिली नव्हती.

ताईने ती वाचली. मग अगदी हळू म्हणाली, "शून्य मीच हलवत होते."

दौंडला आम्ही काकूच्या पिकअपमधून गेलो. मागे बाजाराला निघालेले झेंडूचे क्रेट तसेच होते, उतरवायला वेळ कुठे होता? काकूचा नवरा गाडी चालवत होता, ताई माझ्या खांद्यावर रेलली होती आणि मी तिला बोलतं ठेवत होते. काही सुचेना म्हणून म्हटलं, "अर्धवाहक म्हणजे काय ते परत सांग." तिने डोळे न उघडता सांगितलं, "आबा." मग ती बोलेनाशी झाली. रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी इतकी लांब असते हे मला त्या दिवशी कळलं.

दवाखान्यात त्यांनी तिला लगेच आत घेतलं, सलाईन लावलं, इन्सुलिन सुरू केलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी सांगितलं की हा मधुमेहाचा, लहान मुलांना होतो तो प्रकार, मोठेपणीही होऊ शकतो, जाड-बारीक असण्याशी त्याचा संबंध नाही. उपासामुळे झालेला नाही, पण उपासात तो लपून राहिला. "आज आणलंत, बरं केलंत," ते म्हणाले. उद्या आणली असती तर काय, हे मी विचारलं नाही. ते प्रश्नाची वाट बघत थांबले होते.

तुमचा मामा रांजणगावहून कंपनीच्या गणवेशातच आला, गळ्यात ओळखपत्र तसंच. काचेतून तिच्याकडे बघून मला म्हणाला, "आई, ही माझ्यासमोर रोज जेवायची. मला कसं दिसलं नाही?" मी त्याला बाकावर बसवलं. मीही बघतच होते की. आम्ही सगळे बघत होतो, आणि चर्चमधल्या बायकांना तर ती बारीक झालेली छानच दिसत होती.

दुपार कलली तेव्हा तिची धाप कमी झाली. तिने डोळे उघडले, मला ओळखलं, आणि रडायला लागली. मला वाटलं, आजाराचं रडतेय. तर म्हणते, "आजी, त्या सगळ्या फिल्म्स चांगल्या होत्या. त्या खरं सांगत होत्या आणि मी टाकून दिल्या."

"टाकल्या नाहीत," मी म्हटलं. "बिस्किटाच्या डब्यात आहेत. टिश्यूत."

ती रडता रडता हसली आणि नर्स आम्हाला रागावली.

त्या काचपट्ट्यांवर तिने पुन्हा काम केलं. मॅडमनी प्रबंधाला मुदत वाढवून घेतली आणि लॅबमध्ये नियम केला, की मोजणाऱ्याने स्वतःला शून्य धरायचं नाही, आणि शून्य एकाच माणसाचं ठेवायचं नाही. ताई आता माझ्याकडेच राहते. जेवणाआधी पोटात सुई घेते आणि दिवसातून अनेकदा बोट टोचते. तेच बोट टोचणं, जे तिला बंद करायचं होतं. डबीवर अजून विश्वास टाकायचा नाही, असं ती स्वतःच म्हणते. डबी अजून शिकतेय. पण दोन्हींचं जुळतं का, हे ती रोज बघते.

म्हणून सकाळी पहिली फुंकर माझी, दुसरी काकूची. काकू आता मिश्री न लावता येते आणि "डबीनं माजं येसन सोडवलं" म्हणून गल्लीभर सांगते. आमच्या दोघींचं जुळलं की ते शून्य. जुळलं नाही, तर मला आधी माझीच भीती वाटते. माझं वय झालंय. माझ्या आत काही सरकलं असलं आणि मी तिला चुकीचं शून्य दिलं तर? मग मी परत फुंकते.

त्यानंतर ताई फुंकते. तेव्हा मी लॅपटॉप बघत नाही, तिचा चेहरा बघते. रेघ खाली राहिली की ती नळी पुसून ठेवते आणि चहा मागते. थोडी वर गेली की साखरेचं यंत्र जवळ ओढते. ती शिरूरला निघाली की न्हावऱ्याहून फोन येईपर्यंत मी भाजी चिरत नाही, सुरी हातात धरवत नाही. आणि प्रार्थनेला ती 'आमेन' म्हणाली की मी अजूनही नकळत श्वास ओढून वास घेते. तिला ते कळतं. ती मुद्दाम माझ्या तोंडावर 'हाऽऽ' करते आणि म्हणते, "लिंबू की पेरू?"

तर रविवारी तुमचा फोन येईल तेव्हा इथे सकाळ असेल आणि मी बहुतेक टेबलाशीच असेन. हसायला हरकत नाही. फक्त फुंकून होईपर्यंत मला बोलायला लावू नका. पहिला चुकला की मागचे सगळे चुकतात.